ऐपतीचा दाखला आणि अनुदानाचे गद्य

मराठीत आज कोणकोणते गद्य लिहिले जाते, असे विचारले की आपण कादंबरी, कथा, ललित, आत्मचरित्र, समीक्षा अशी नावे घेतो. मंत्रालयातून जवळपास रोज बाहेर पडणारे एक गद्य या यादीत कधीच येत नाही. ते म्हणजे शासन निर्णय. त्याची चर्चा झाली तर थट्टेच्या अंगाने होते. 'सदरहू', 'उपरोक्त', 'उक्त' हे शब्द विनोदी लेखकांनी पुरेसे वापरून झाले आहेत. थट्टा करून आपण मोकळे होतो आणि ते गद्य वाचायचे राहून जाते. मला ते वाचायचे होते. तेही सरसकट नव्हे, तर न्याय आणि सार्वजनिक सुरक्षा यांसाठी सरकार जो पैसा देते, त्या पैशाची कागदपत्रे एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचायची होती. या कागदांत कोण बोलते, कोणाशी बोलते, आणि ज्याच्यासाठी हा सारा व्याप आहे तो माणूस वाक्यात नेमका कुठे बसतो, हे पाहायचे होते.

शासन निर्णयाची रचना ठरलेली असते. वर विभागाचे नाव, क्रमांक, दिनांक. मग 'वाचा' असा एक शब्द आणि त्याखाली आधीच्या निर्णयांची यादी. मराठीतला हा बहुधा एकमेव गद्यप्रकार असेल, जो सुरुवातीलाच वाचकाला वाचण्याची आज्ञा करतो आणि त्याला दुसऱ्याच कागदाकडे पाठवतो. तो कागद त्याच्याही आधीच्या कागदाकडे बोट दाखवतो. त्यानंतर 'प्रस्तावना', मग 'शासन निर्णय', शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ आणि सही. त्याखाली 'प्रति' म्हणून ज्यांना हा कागद जातो त्यांची यादी. सचिव, संचालक, महालेखापाल, कोषागार अधिकारी, जिल्हाधिकारी अशी ती उतरत जाते आणि अगदी तळाशी 'निवड नस्ती' येते, म्हणजे ज्या फायलीत हा कागद कायमचा झोपणार ती फाईल. ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याचा या यादीत पत्ता नसतो. पत्रात ज्याच्याविषयी लिहिले आहे त्यालाच पत्र जात नाही, ही गोष्ट कथेत आली असती तर आपण तिला प्रतीक म्हटले असते. इथे ती निव्वळ कार्यपद्धती आहे.

हे वाचन मी सुरू केले त्याला कारण घडले ते कोपरखैरण्यात. इथे मी बरीच वर्षे राहतो. एकीकडे जुने गावठाण, दुसरीकडे सिडकोचे सेक्टर, त्यांत माथाडी कामगारांची घरे, रुळांपलीकडे एमआयडीसीचा पट्टा. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून बाजार समितीत ओझी उचलायला आलेल्या माणसांची दुसरी-तिसरी पिढी इथे वाढते आहे. आमच्या भागात एका अभ्यासिकेत संध्याकाळी बसणाऱ्या काही मुलांनी मला विचारले, "सर, जामीन मंजूर झालाय पण भरायला पैसे नाहीत, अशा माणसाला सरकारकडून काही मिळतं का?" त्यांच्या ओळखीतला असा एकजण तळोज्याच्या तुरुंगात होता. मुले संगणकावर शोधून थकली होती. शोधताना त्यांनी घातलेला शब्द होता 'जामीन'. मदत देणारा कागद मात्र त्या शब्दाने सापडत नव्हता. कागदावर 'वित्तीय साहाय्य' होते, 'अनुज्ञेय रक्कम' होती, 'न्यायाधीन बंदी' होते.

इथे मला पहिली गोष्ट कळली, आणि या लेखातली मुख्य गोष्टही तीच आहे. आपल्या राज्यव्यवहारात मराठीचे दोन थर आहेत. कोर्टाचा थर अरबी-फारसीतून आलेला. फिर्याद, वकील, हुकूम, तारीख, जप्ती, जामीन, मुचलका. हे शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही समजतात, कारण त्यांनी त्याला कधी ना कधी घाबरवलेले असते. पैशाचा थर संस्कृतातून घडवलेला. अनुदान, विनियोग, लेखाशीर्ष, अनुज्ञेय, प्रदान, आहरण व संवितरण. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा जो उपक्रम झाला, त्याचेच दूरचे धागे भाषा संचालनालयाच्या शासन व्यवहार कोशापर्यंत येतात. त्या उपक्रमाला मी नावे ठेवत नाही. परभाषेचे जोखड उतरवताना नवे शब्द पाडावेच लागतात. पण झाले असे की न्याय एका भाषेत मागायचा आणि न्यायासाठीचा पैसा दुसऱ्या भाषेत शोधायचा, अशी वाटणी होऊन बसली. न्यायसुधारणेचे अनुदान या दोन थरांच्या बरोबर सांध्यावर येते, आणि सांधा बसलेला नाही.

शब्द थोडे खोलात पाहू. 'जामीन' म्हणजे मुळात हमी घेणारा माणूस. मराठीत अजूनही आपण 'तो मला जामीन राहिला' असे म्हणतो, तेव्हा जुना अर्थ जिवंत असतो. एक माणूस दुसऱ्यासाठी उभा राहतो, ही त्यातली कल्पना. कोर्टाच्या वापरात हळूहळू माणूस मागे पडला आणि रक्कम पुढे आली. 'जामीन किती?' असे आपण विचारतो. 'जामीन कोण?' असे विचारत नाही. 'जातमुचलका' यातली 'जात' म्हणजे स्वतः. स्वतःच्या शब्दावर सुटण्याची सोय. 'ऐपतीचा दाखला' हा तर अभ्यासाचाच विषय आहे. जामीन राहणाऱ्याने आपली मालमत्ता किती, हे तहसील कार्यालयाकडून लिहून आणायचे. माणसाचा शब्द खरा मानायचा की नाही, हे त्याच्या सातबाऱ्यावरून ठरवायचे. माथाड्याच्या मुलाला जामीन राहायला गावाकडचा चुलता येतो. त्याची जमीन पाटणला किंवा जावळीला. तो दाखला दुसऱ्या जिल्ह्यातला, तेव्हा पडताळणी आली, तिला वेळ आला, आणि बाजारातला एका दिवसाचा खाडा प्रत्येक खेपेला आला.

हा प्रश्न नवा नाही. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एक गवंडी होता. खालच्या न्यायालयाने त्याच्यासाठी दहा हजारांचा जामीन ठरवला आणि त्याच्या भावाची हमी नाकारली. कारण काय, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश दिला आणि जिल्ह्याची ही अट कशी भेदभावाची आहे ते विस्ताराने लिहिले. त्याला आता पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे आहेत आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरातली पंचाहत्तरहून अधिक, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे अशी आहेत. त्यांना जुनी मराठी 'कच्चा कैदी' म्हणते. नवी मराठी 'न्यायाधीन बंदी' म्हणते. मला जुना शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. कच्चे म्हणजे अजून ठरलेले नाही, पिकलेले नाही. 'न्यायाधीन' या शब्दात मात्र तो माणूस न्यायाच्या ताब्यात आहे असे भासते. प्रत्यक्षात तो बराकीच्या ताब्यात असतो, आणि न्यायाची वाट पाहत असतो.

आता पैशाकडे. एक काळ असा होता की न्याय हा राज्याच्या खर्चाचा नव्हे तर उत्पन्नाचा विषय होता. मराठेशाहीत वाद जिंकणाऱ्याने सरकारात 'हरकी' भरायची आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. जिंकल्याचा आनंदही करपात्र होता म्हणायचा. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. जातीचे आणि वतनाचे वजन तिथे उघड होते. पण त्या काळचे महजर वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. कागदात माणसे असतात. हाजिर मजालसीची नावे ओळीने येतात, पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' येते, कोणी काय सांगितले ते त्याच्या तोंडचे म्हणून येते. वाचणाऱ्याला त्या चावडीत कोण कुठे बसले होते याचा अंदाज करता येतो.

याउलट आपल्या काळातले वित्त आयोगांचे अहवाल. अकराव्या वित्त आयोगाने १,७३४ जलदगती न्यायालयांसाठी ५०२.९० कोटी रुपये दिले. तेराव्या आयोगाने, ज्याचे अध्यक्ष विजय केळकर होते, २०१० ते २०१५ या काळात न्यायदान सुधारण्यासाठी ५,००० कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. त्याची फोड मी एका कागदावर लिहून समोर ठेवली आणि कवितेसारखी वाचली. सकाळ-संध्याकाळच्या जादा न्यायालयांना २,५०० कोटी. पर्यायी तंटानिवारण केंद्रांना ७५०. वारसा म्हणून जपायच्या न्यायालयीन इमारतींना ४५०. लोकअदालत आणि विधी साहाय्य, दोन्ही मिळून, ३००. राज्यांच्या न्यायिक अकादमींना ३००, न्यायालय व्यवस्थापकांना ३००, न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाला २५०, सरकारी वकिलांच्या प्रशिक्षणाला १५०. इमारतींचा आदर करायला माझी ना नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयाची दगडी कमान पाहून मीही थबकतो. पण भिंतींच्या डागडुजीला साडेचारशे आणि त्या भिंतींच्या आत ज्याला वकील परवडत नाही त्याला, लोकअदालतीसकट, तीनशे, ही यादी आपला क्रम स्वतःच बोलून दाखवते. या पाच हजारांतला मोठा हिस्सा तर राज्यांना वापरताच आला नाही. पुढे चौदाव्या आयोगाने न्यायव्यवस्थेचा ९,७४९ कोटींचा प्रस्ताव मान्य केला आणि सांगितले की राज्यांचा करातला वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आहे, त्यातूनच हे भागवावे. म्हणजे अनुदान आकड्यात होते, वेगळ्या रकमेत नव्हते. अशा पैशाला शोधायचे तरी कुठे?

न वापरलेल्या पैशासाठीही या गद्यात एक शब्द आहे. वर्षअखेरीला जो निधी अखर्चित राहतो तो 'समर्पित' करतात. आपण साहित्यिक मंडळी पुस्तके समर्पित करतो, आईला, गुरूला, क्वचित वाचकाला. प्रशासन अखर्चित पैसा समर्पित करते, पुन्हा तिजोरीला. शब्द एकच.

कोपरखैरण्याच्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर असलेली योजना खरोखरच आहे. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तुरुंगातल्या गरिबांविषयी तयार भाषण बाजूला ठेवून कळकळीने सांगितले. पुढच्याच फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांना साहाय्य करण्याची घोषणा झाली आणि जून २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्याची कार्यपद्धती राज्यांना पाठवली. वर्षाला २० कोटींची तरतूद. २०२३ च्या त्या कार्यपद्धतीत कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, शिक्षा झालेल्याला दंड भरण्यासाठी २५,००० पर्यंत अशी मर्यादा होती. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग प्रशासनाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. सचिवांनी त्याची परिस्थिती तपासून प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे ठेवायचे. समितीत जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, तुरुंगाचे अधीक्षक आणि जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले एक न्यायाधीश.

मसुदा म्हणून हा कागद वाईट नाही. त्यात मुदती आहेत, आणि मुदत हा प्रशासनिक गद्यातला सर्वांत मानवी भाग असतो, कारण तिथे कोणाची तरी वाट पाहणे मोजले जाते. एक सद्भावना त्यातून जाणवते. तरीही त्यानंतरच्या काळात गृह मंत्रालयाला राज्यांना पुन्हा पुन्हा पत्रे लिहून, पात्र कैदी शोधा आणि निधी वापरा, अशी आठवण करून द्यावी लागली. पैसा पडून आणि माणूस अडकून, असे का व्हावे? याची कारणे अनेक असतील. मी फक्त गद्याचा वाचक म्हणून बोलतो.

एक तर या कागदातला कैदी कुठलीच क्रिया करत नाही. तो कर्ता म्हणून एकाही महत्त्वाच्या वाक्यात येत नाही. तुरुंग कळवतो, सचिव तपासतात, समिती मान्यता देते, रक्कम न्यायालयात जमा होते. कैदी 'पात्र' असतो किंवा नसतो. त्याने अर्ज करावा, त्याच्या आईने करावा, त्याच्या वस्तीतल्या एखाद्याने करावा, असे दार या रचनेत ठळक दिसत नाही. सारी साखळी तुरुंगातल्या एका नोंदीपासून सुरू होते. ती नोंद झाली नाही तर पुढची सगळी क्रियापदे जागच्या जागी उभी राहतात.

मग काही गुन्हे वगळलेले. भ्रष्टाचार, पैशांची अफरातफर करून ती पांढरी करणे, अमली पदार्थ, बेकायदा हालचाली प्रतिबंधक कायदा. पहिल्या दोहोंतले आरोपी चाळीस हजारांसाठी अडून राहतील असे वाटत नाही, त्यामुळे ते वगळणे नुसते शोभेचे आहे. अमली पदार्थांच्या कायद्याचे तसे नाही. त्यात पुडी पोचवणारा पोरगाही असतो, आणि तुरुंगात पैशावाचून खितपत पडतो तो तोच. एका ओळीत त्याला बाहेर ठेवले गेले, आणि ओळीत कारण दिलेले नाही.

पण मला सर्वांत अडखळायला लावले ते 'जिल्हा' या साध्या शब्दाने. मसुदा धरून चालतो की आरोपीचे घर, पोलीस ठाणे, न्यायालय, तुरुंग आणि जिल्हाधिकारी हे सगळे एकाच जिल्ह्यात नांदतात. कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात आहे. तळोजा मध्यवर्ती कारागृह खारघरला, पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले, आणि आयुक्तालयात पोलीस अधीक्षक हे पद प्रमुख नसते, आयुक्त असतात. ठाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याला, रायगडचे अलिबागला. कोपरखैरण्याच्या एखाद्या बाईचा मुलगा तळोज्याला असेल तर तिने ठाण्याची लोकल धरायची की अलिबागची एसटी? खटला ज्या न्यायालयात त्याचा जिल्हा खरा, की तुरुंग जिथे त्याचा? जाणकार वकील याचे उत्तर देईल, पत्रव्यवहाराने मार्गही निघत असेल. पण कागदाने स्वतः ते सांगायला हवे होते, कारण सिडकोने दोन जिल्ह्यांत मिळून वसवलेले हे शहर काही काल उगवलेले नाही. १९७८ मध्ये मोतीरामला नडली होती तीही जिल्ह्याचीच रेघ. जामीन राहणाऱ्याच्या वाटेत होती ती रेघ आता मदत करणाऱ्याच्या वाटेत आली.

शोधण्याचा प्रश्न इथेच संपत नाही. शासन निर्णय संकेतस्थळावर खुले असतात, ही आपल्या राज्याची चांगली बाजू. पण ते विभागवार लावलेले असतात. तुरुंग गृह विभागात, न्यायालये विधी व न्याय विभागात, पीडित स्त्रिया महिला व बाल विकासात, अत्याचारग्रस्त दलित-आदिवासी सामाजिक न्यायात आणि आदिवासी विकासात. एकाच घरातल्या एकाच घटनेचे चार विभाग होतात. मुलांना मी म्हटले, आधी आपण कोणत्या विभागाचे दुःखी आहोत ते ठरवा, मग शोधा. मुले हसली. मला तसे फार हसू आले नाही.

नावांविषयी थोडे. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात केंद्राने १,००० कोटींचा 'निर्भया निधी' उभारला. सखी केंद्रे, सुरक्षित शहर प्रकल्प, २०१९ पासूनची विशेष जलदगती न्यायालये यांना त्यातून पैसा मिळतो. महाराष्ट्राने त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून 'मनोधैर्य' योजना लागू केली. अत्याचार आणि ॲसिडहल्ला झालेल्या स्त्रिया व मुलांना सुरुवातीला दोन ते तीन लाखांपर्यंत, २०१७ च्या सुधारणेनंतर कमाल दहा लाखांपर्यंत साहाय्य. दोन्ही योजनांची गरज वादातीत आहे. नावे मात्र मला खटकतात. जिच्यावर अत्याचार झाला तिने निर्भय असावे, तिने धैर्य धरावे. भरपाई राज्याने द्यायची आणि गुण तिने दाखवायचा. 'नुकसानभरपाई' हा शब्द रुक्ष असेल, पण त्यात कोणाचे काय चुकले ते स्पष्ट असते.

या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला एक कागद उभा आहे, आणि त्याच्याविषयी माझे मत दुभंगलेले आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम' सुरू झाली. या मोहिमेच्या भाषेने जे साधले ते न्यायविषयक दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदाला साधले नाही. तिने गावाशी गावाच्या शब्दांत बोलणे केले. 'तंटा' हा शब्द निवडणे हीच अर्धी लढाई होती. 'वाद निराकरण' म्हटले असते तर ग्रामसभेत जांभया आल्या असत्या. समिती, अध्यक्ष, दाखल तंटे, मिटलेले तंटे, गुण, आणि पात्र ठरलेल्या गावाला लोकसंख्येनुसार लाखांच्या हिशेबात बक्षीस. पैसा कुठे आहे, तो कसा मिळतो, हे न लिहिता-वाचता येणाऱ्यालाही पाठ होते. गावोगावच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' अशा कमानी लागल्या. त्यातल्या काही अजून उभ्या आहेत. मोहिमेवर चांगले लिहिणाऱ्या पत्रकारांनाही पुरस्कार होते, हे आपल्या धंद्याच्या दृष्टीने नोंदवून ठेवायला हरकत नाही. स्तुतीलाही लेखाशीर्ष असू शकते.

तरी खोट त्याच मसुद्यात होती. बक्षीस शांततेला नव्हते, शांततेच्या नोंदीला होते. तंटा मिटला म्हणजे गुण, मग तो कसा मिटला हे गुणपत्रिकेत मावत नाही. बांधावरून भांडणारे दोन भाऊ चावडीत बसून हात मिळवतात तेव्हा ही मोहीम सुंदर असते. मार खाणारी सून तक्रार करते आणि तिची तक्रार म्हणजे गावाच्या बक्षिसात येणारा अडथळा ठरतो, तेव्हा 'तंटा' हाच शब्द तिच्यावर उलटतो. कारण तंट्याला दोन बाजू असतात आणि दोघांनी थोडे थोडे सोडायचे असते. मारहाणीत तिने काय सोडायचे? ज्या शब्दाने मोहीम लोकांपर्यंत पोचवली, त्याच शब्दाने गुन्हा आणि भांडण एका टोपलीत घातले. सोपी भाषा आपोआप न्यायाची भाषा होत नाही, हे मला इथे कबूल करावे लागते, आणि माझ्याच प्रतिपादनाला त्यामुळे मुरड बसते.

दुसरी मर्यादा कोपरखैरण्यापुरती. मोहीम ग्रामपंचायतींसाठी होती. १ जानेवारी १९९२ ला नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि इथली गावे गावठाणे झाली. आगरी मंडळी अजूनही 'गावात' राहतात, जत्रा गावाची असते, भांडणही गावाचेच असते. कागदावर मात्र गाव नव्हते, म्हणून तंटाही नव्हता. २००८ च्या ग्रामन्यायालय कायद्याचेही तसेच. प्रत्येक ग्रामन्यायालयाला केंद्राकडून एकदाच १८ लाख, म्हणजे इमारतीला १०, वाहनाला ५, कार्यालयीन साहित्याला ३, आणि पहिली तीन वर्षे चालू खर्चात मर्यादित वाटा. दारात जाऊन न्याय देणाऱ्या फिरत्या न्यायालयाची ती कल्पना शहराच्या वेशीवर थांबते. गरिबांच्या न्यायाची जी दोन-तीन चित्रे आपल्या राज्यकर्त्यांच्या मनात उमटली, ती सगळी खेड्यातली. शहराच्या वस्तीतला गरीब त्या चित्रांत नाही. त्याच्या वाट्याला सीसीटीव्हीचे खांब येतात. सुरक्षेच्या नावाने शहराला मिळणारा पैसा डोळ्यांना दिसतो, कारण तो खांबावर टांगलेला असतो. जामिनाचा पैसा दिसत नाही.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी मी गरीब कैद्यांच्या योजनेचे एक पान मराठीत लिहून दिले. भाषांतर नव्हे. वाक्यांचे कर्ते बदलले. 'तुमच्या माणसाला जामीन मिळून आठवडा झाला आणि तो सुटला नाही, तर तुम्ही विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा' असे पहिले वाक्य केले, कारण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मागण्याचा हक्क दिलेला आहे, आणि त्या दाराशी कोणालाही जाता येते. पत्ते ठाणे आणि अलिबाग असे दोन्ही घातले. 'ऐपत' हा शब्द मी ठेवला, 'वित्तीय क्षमता' लिहिले नाही. 'सिद्धदोष', 'न्यायाधीन' काढले. जातमुचलक्यावर सोडण्याची विनंती न्यायालयाला आधी करता येते, पैशाचा प्रश्न त्यानंतर येतो, हेही लिहिले. मूळ कागदात पैसाच मध्यभागी असल्यामुळे पैशाशिवायची ही वाट त्यात झाकली जाते.

पान वाचून एका मुलाने विचारले, हे आत बराकीत कोण वाचून दाखवणार? तुरुंगांमध्ये कैद्यांमधूनच विधी स्वयंसेवक नेमले जातात, ते वाचू शकतील, असे मी म्हणालो. त्यावर त्याने जे विचारले त्याचे उत्तर अजून माझ्या कागदावर उतरलेले नाही. तळोज्याच्या बराकीत सातारकडचे असतील, आगरी असतील, तसेच उत्तर प्रदेशातले, बिहारमधले, बंगाली बोलणारे, नायजेरियाचेही असतील. सध्या त्या पानाचे हिंदी करायला घेतले आहे, आणि 'जातमुचलका' आहे तसाच ठेवता येतो असे दिसते आहे. हिंदीतही मुचलका मुचलकाच आहे. 'ऐपत'पाशी मात्र आम्ही थांबलो आहोत.